जावयाचं पोकलेन आणि माझे हात

मी आयुष्यात एकदाच अख्खा दिवस तोंड बंद ठेवलं, आणि त्याच दिवशी एका पोकलेनमध्ये पाच नवे बिघाड झाले.

तोंड बंद ठेवायचं कारण आमची हौसा. (माझी बायको. येत्या फाल्गुनात वर्ष होईल तिला जाऊन.) मी पहिल्यापासून तोंडाचा फाटका. चारचौघांत बोलायला लागलो की ती मागून सदरा ओढायची. एकदा ओढला की आवाज कमी, दोनदा ओढला की गप्प! दवाखान्यात शेवटी शेवटी तिनं बजावलं, "जावयाला तोंडावर काय बोलायचं न्हाई. कवाच न्हाई. पोरीला नांदायचंय तिथं." मी हो म्हणालो. हातांबद्दल ती काही बोलली नव्हती.

आमचे जावई अंकुशराव जत तालुक्यातले. बारा वर्षं दुसऱ्याच्या पोकलेनवर डायवर. विहिरी खणल्या, शेततळी खणली, सगळी दुसऱ्याच्या मशीनवर बसून. आता कुठं स्वतःचं जुनं पोकलेन घ्यायला निघाले होते. म्हसवडच्या बाहेर एका यार्डात एक मनात भरलं होतं. पण यार्डवाल्यानं बजावलेलं, "दिवस मावळायच्या आत हो का न्हाई सांगायचं. दुसरं गिऱ्हाईक वाटंवर हाय." यात माझं काहीच काम नव्हतं. पण सुनीता, माझी पोरगी, नवऱ्याला म्हणाली, "दादांना घिऊन जावा. घरात नुसतं भिंतीकडं बघत बसत्यात."

गेलो.

पोकलेन दिसायला झकास! जावयांनी चावी फिरवली, मशीन धडधडलं, आणि समोरच्या टीव्हीसारख्या छोट्या काचेवर एक आकडा येऊन शिट्टी वाजायला लागली. हल्लीची मशीनं बिघाड झाला की आकडा दाखवतात. त्याला कोड म्हणतात. (आमच्या वेळी मशीन बिघडलं की धूर सोडायचं. चौथी नापासालाही वाचता यायचा!)

"पंपाच्या सेन्सरचा कोड हाय," जावई म्हणाले. "एक तर सेन्सर गेलाय, न्हाईतर वायर. बघतो."

मला तिथल्या तिथं कळलं, अर्थिंग ढिलं आहे. चाळीस वर्षं विहिरीवरची मोटार सांभाळलीय मी! वायर उपसायची, फुंकर मारायची, परत खुपसायची, मोटार चालू. शब्द जिभेच्या टोकावर आला होता. गिळला. जावई खाली येऊन मीटर घेऊन परत वर केबिनमध्ये चढले आणि मी मागच्या बाजूला गेलो. इंजिनाचं झाकण उघडं होतं. वायरींचं एक सॉकेट हळूच उपसलं, फुंकलं, बसवलं.

वर दुसरा कोड आला.

"आँ? ह्यो कुठनं आला?" जावई ओरडले.

मी आभाळाकडं बघितलं.

जावयांची पद्धत शिस्तीची. कोड तळहातावर लिहायचा, मशीनमधनं पुसायचा, मशीन बंद करून परत चालू करायचं. पुसूनही परत येतो तो खरा बिघाड. पद्धत चांगली होती, पण ते वर पुसत होते आणि मी खाली पेरत होतो! तिसरा कोड आला. चौथा आला.

"पाव्हणं, सकाळपातूर एकच हुता," यार्डवाला कपाळावर हात मारून म्हणाला. "तुमची नजर लागली बगा माज्या मशीनला!" आणि खरंच त्यानं लिंबू-मिरची आणायला माणूस पिटाळला.

"मामा, तुमाला काय वाटतंय?" जावयांनी मला विचारलं.

देवा! आणि मी तोंड मिटून नुसती मान हलवली. (कुठल्या बाजूला हलवली ते मलाही आठवत नाही.)

पाचव्या कोडाला जावई खाली उतरले, मशीनच्या पट्ट्यावर बसले आणि सुनीताला फोन लावला. "न्हाई जमायचं गं. एका बिघाडाचं म्हणून आलो, पाच निघालं... आगं, रडतीस कशाला? करतो की अजून चार वर्षं डायवरकी."

पोरगी रडतीय हे ऐकलं. म्हटलं, आता बिघाड सापडल्याशिवाय मी इथनं हलणार नाही, मेलो तरी चालेल! केबिनमध्ये चढलो, सीटच्या मागची पेटी उघडली, आत डोकं घातलं आणि सगळ्यांत मोठं सॉकेट दोन्ही हातांनी उपसलं.

इंजिन गपकन बंद. काच काळी. आणि त्याच वेळी माझा सदरा मागून ओढला गेला. दोनदा.

"बरं बरं! गप बसतो की!" मी खेकसलो.

मग मागं बघितलं. पेटीच्या झाकणाच्या कडीत सदरा अडकला होता. मी थोडा वेळ त्या कडीकडंच बघत राहिलो.

"मामा, कुणाला बोलताय?" दारात जावई उभे. "आन् हातात काय हाय ते?"

जावयाच्या तोंडावर बोलायचं नाही हा शब्द दिलेला. म्हणून मी पाठ फिरवली आणि यार्डाच्या भिंतीला सांगितलं, "पाच सॉकेटं मी उपसली. त्यातली चार परत बसवली. फुंकरसुद्धा मारली."

जावयांनी माझ्या हातातलं सॉकेट काढून घेतलं. मग जावई म्हणाले, "चावी चालू असताना? मग दर उपसण्याला नवा कोड येणारच की!"

"मग काय बंद असताना मारायची फुंकर?"

त्यांनी चावी काढून खिशात टाकली. पाचही सॉकेटं स्वतः नीट बसवली, सगळे कोड पुसले, मशीन चालू केलं. एकच कोड परत आला, पहिला. मग ते सेन्सरची वायर धरून हात फिरवत गेले. मशीनचा लांब हात जिथं जोडलाय तिथं वायर लोखंडाला घासून उघडी पडली होती. लोखंडाला टेकूनच बसली होती. टेप गुंडाळली, वायर बाजूला बांधली. शिट्टी बंद!

"आन् अर्थिंग?" मी भिंतीला विचारलं.

"घट्ट हाय मामा. सकाळी आल्या आल्या तेच बघितलं."

दिवस मावळायच्या आत जावयांनी हो सांगितलं. लिंबू-मिरची आली होती, ती यार्डवाल्यानं फुकट बांधून दिली.

मशीन आता झकास चालतं. मीही पोरीकडंच राहतो. कधी तरी रानात काम करताना काचेवर कोड येतोच. मग जावई वायर बघत नाहीत, मीटर काढत नाहीत. आधी घरी फोन लावतात आणि सुनीताला विचारतात, "मामा घरातच हायत न्हवं?"