पुढचं शून्य

मानपाड्याच्या कम्प्युटर क्लासला माझ्या शेजारी साठीच्या एक काकू बसायच्या. एंटर दाबण्याआधी दर वेळी चष्मा पदराने पुसायच्या. नाव मी कधी विचारलंच नाही.

एकदा सरांनी अंकांच्या ओळीतून सुट्या आकड्यांची यादी करायला सांगितली. काकूंनी घरचा जुना लँडलाइन नंबर टाकला, एसटीडी कोडसकट. चुकून अख्ख्या ओळीची एकच मोठी संख्या झाली आणि पुढचं शून्य उडालं.

"जाऊ द्या काकू, पुढच्या शून्याला कुठे किंमत असते?" मी म्हटलं.

"अरे, हे बाहेरगावी असायचे ना, तेव्हा ते शून्य फिरवल्याशिवाय त्यांचा फोन घरी लागायचाच नाही रे."

मग त्यांनी एकेक अंक वेगळा काढून त्याचा सुटा आकडा केला. यादीत पहिलं शून्य आलं. काकूंनी स्क्रीनवरच त्याच्यावर बोट टेकवलं आणि डायल फिरवावी तसं हळूच गोल फिरवलं.