हे हायेत का आता?

वसमतच्या स्टँडमागे एका टपरीवजा दुकानात तो जुन्या कॅसेटींच्या डीव्हीडी करून द्यायचा. नाव मी विचारलं नाही. दिवसभर पडद्याकडे बघून त्याचे डोळे लाल झाले होते. मधूनच तो ओला रुमाल डोळ्यांवर दाबून धरे.

आमच्या लग्नाची कॅसेट तीन तासांची. "डिस्कमंदी दोनच तास नीट बसतेत. जास्त कोंबलं की चित्र फाटतं," तो म्हणाला.

मीही कंटाळलो होतो. म्हटलं, "मग आहेर कापून टाका." तासभर नुसते टॉवेल-टोपी देणारे नातेवाईक, कोण बघतंय?

त्यानं एकदम काही कापलं नाही. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारू लागला, "हे हायेत का आता?" असलेले कापायचा, गेलेले ठेवायचा. मग बोट एका फेटेवाल्या म्हाताऱ्यावर थांबलं. आईचे चुलते, कुरुंद्याचे. कुरुंदा इथून जवळच, तरी ते आहेत की गेले, मला सांगता येईना. पुढच्या दोघा-तिघांचंही तेच.

"म्हाईत न्हाई, तर राहू द्या," असं म्हणून त्यांना जागा करायला त्यानं आम्हा नवरा-बायकोचा बागेतला अख्खा भाग उडवला. मी चिडलो. रुमाल डोळ्यांवरून न काढता तो म्हणाला, "तुमी तर घरी रोजच दिसता की एकमेकाला, साहेब."

घरी डीव्हीडी लावली. फेटा दिसताच बायकोनं विचारलं, "कुरुंद्याचे आजोबा कसे आहेत हो आता?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.