शिध्यावरचे गुरुजी

टेपवाडीनं सुमंतला काही कमी पडू दिलं नव्हतं. राहायला कारवीच्या कुडाची खोली दिली होती, शाळेसाठी देवळाची पडवी दिली होती, आणि वाटेत तो दिसला की म्हातारी माणसंसुद्धा बाजूला होऊन त्याच्या पाया पडत. फक्त त्याच्याबरोबर कुणी जेवत नव्हतं. ज्याला रोज चार माणसांत बसून घास घ्यायची सवय आहे त्याला हे दुःख किरकोळ वाटेल. वाटू द्या.

टेपवाडी अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या धरणाच्या पाण्यात. धरण भरू लागलं तेव्हा खालची वस्ती बुडाली आणि ज्यांना लांब जायचं नव्हतं ती वीसेक घरं टेकाडावर चढून बसली. उन्हाळ्यात पाणी हटलं की चिखल तुडवत पलीकडे जाता येई. एकदा धरण भरलं की मात्र दिवाळीच्या पुढपर्यंत वाडीचं बेट व्हायचं. मग वाडीतल्या गहिनीनाथचा तराफा हाच रस्ता, आणि वारा सुटला की तोही बंद.

सुमंत नगरचा. वडील कचेरीत कारकून, आजोबा भिक्षुक, आणि घरात माणसांची जत्रा. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी नगरातल्या एका मंडळाला डोंगरातल्या वाड्यांसाठी बिनपगारी शिक्षक हवे होते. सुमंतनं रेशनिंगच्या कचेरीतली नोकरी सोडून दिली. वडिलांनी अबोला धरला. बहीण दमयंती तेवढी म्हणाली, "अरे, तिथं तुला जेवायला कोण वाढणार?" असल्या बायकी काळज्यांना देशसेवेत जागा नसते, अशा थाटात तो हसला आणि निघाला.

वाडीत पोचला त्याच संध्याकाळी गहिनीनाथची बायको राहीबाई त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. "गुर्जी, आमच्या हातचं चालंल का? भाकरी टाकती."

सुमंतच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. पण वळण नगरचं. त्याच्याकडे पहिल्या बोलावण्याला नको म्हणायची रीत. यजमानानं आग्रह करायचा, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि मग आढेवेढे घेत पाटावर बसून पोटभर जेवायचं. त्या रीतीनं तो म्हणाला, "नको, नको, तुम्हाला कशाला त्रास? थोडे तांदूळ द्या, मी घेईन शिजवून." आणि तो आग्रहाची वाट पाहू लागला.

राहीबाईनं मान डोलावली आणि ती गेली. टेपवाडीत आग्रह नावाचा प्रकारच नव्हता. माणूस नको म्हणाला म्हणजे त्याला नको असतं, असा सरळ हिशेब. त्यातून बोलणारा बामण. थोड्या वेळानं उंबऱ्यावर पानाच्या द्रोणात तांदूळ, वाल आणि मीठ आलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून आलं. वाडीनं आपसांत शिध्याच्या पाळ्या लावून घेतल्या आणि गुरुजींचं सोवळं सांभाळण्याचं काम अंगावर घेतलं. ते त्यांनी इतकं चोख केलं की सुमंतला रडू यावं.

दिवस सरायचा. सकाळी तो देवळापुढं टांगलेला नांगराचा जुना फाळ वाजवी. पावसासाठी पानांची इरली पांघरलेली पोरं चिखलातून उड्या मारत येत, पडवीत इरल्यांची रास पडे, ओल्या घोंगड्यांचा वास दरवळे. उजळणी, पाढे, पाटीवर मुळाक्षरं. भातरोपांच्या आवणीच्या दिवसांत पोरं भातखाचरात आणि गुरुजी पडवीत एकटा. तेव्हा तो पाऊस मोठा की आपला आवाज मोठा हे पाहायला मोठमोठ्यानं पाढे म्हणे. पाऊसच जिंकायचा.

वाईट वेळ संध्याकाळची. ओली लाकडं फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे आणि भात खाली करपलेला, वर कच्चा असा उतरायचा. नाचणीची भाकरी त्यानं करून पाहिली. ती तव्यावर पोचेपर्यंतच तिचे तुकडे पडत. तो ताट घेऊन बसला की वरच्या अंगाला गहिनीनाथच्या घरातून भांड्यांचा आवाज येई, कुणीतरी काही बोले आणि सगळं घर हसे. काय बोललं ते कधी ऐकू येत नसे. सुमंत घास हातात धरून थांबायचा, पुढचं हसू आलं की तोंडात घालायचा. ही सवय आपल्याला लागली आहे हे त्याच्या ध्यानात आलं त्या दिवशी त्याला स्वतःची फार कीव आली.

त्यानं सुचवून पाहिलं. एकदा तराफ्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गहिनीनाथ, काल काय होतं जेवायला?"

"कुर्डूची भाजी हुती गुर्जी."

"छान लागत असेल."

"लई ग्वाड लागती," गहिनीनाथ मनापासून म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर कुर्डूची जुडी. कच्ची, स्वच्छ धुतलेली, मुळं काढलेली.

दुसरा पावसाळाही असाच गेला आणि सुमंतचा धीर सुटला. पोरं वाचायला लागली होती. शाळा सोडावी असं काहीच घडलं नव्हतं, आणि जायचं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती. त्यानं गहिनीनाथला एवढंच सांगितलं की दसऱ्याला मला पलीकडे सोड, मी परत येणार नाही. "आमचं काय चुकलं का?" गहिनीनाथनं विचारलं. सुमंत नाही म्हणाला. त्या रात्री वरच्या घरातून हसण्याचा आवाज आला नाही.

दसऱ्याच्या आधी लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलं. नव्या तांदळाचा पहिला भात वाडी एक दिवस ठरवून शिजवते. तोवर नवा दाणा कुणी तोंडात घालत नाही. त्या सकाळी सुमंत उगाचच धुतलेलं धोतर नेसून बसला. आज तरी बोलावतील, अशी आशा त्याला होती. दार वाजलं. राहीबाई उभी होती. हातातल्या द्रोणात नवे तांदूळ, देवाला दाखवायच्या आधी गुरुजींना आणलेले. तिनं ते उंबऱ्यावर ठेवले, नमस्कार केला आणि वळली.

सुमंत द्रोण उचलून तिच्या मागोमाग चालू लागला. घरापाशी पोचल्यावर म्हणाला, "राहीबाई, हे तुम्ही शिजवा. मी इथंच जेवणार आहे."

ओटीवर राहीबाईची सासू लंकाबाई बसली होती. ती घाबरून उठली. "नगं देवा. आमाला पाप लागंल."

"लागलं तर मला लागेल," सुमंत म्हणाला. "पहिल्या दिवशी मी नको म्हणालो ते रीत म्हणून. मला भूक लागली होती हो. तेव्हापासून एकटा जेवतोय मी. आता होत नाही."

"मंग तवाच सांगायचं," गहिनीनाथ म्हणाला. त्याला खरोखरच काही कळेना.

राहीबाई चुलीपाशी गेली. भात झाला, वालाची आमटी झाली. सुमंतला पाटावर बसवून ताट वाढलं, आणि सगळं घर अंगणात जाऊन उभं राहिलं. भरल्या ताटापुढं तो एकटाच.

"तुम्ही या ना आत," त्यानं हाक मारली.

"तुमचं हुंद्या आधी," बाहेरून उत्तर आलं.

सुमंतनं घासाला हात लावला नाही. गुरुजी जेवल्याशिवाय घरानं नवं खायचं कसं, आणि घर बसल्याशिवाय गुरुजी जेवणार कसा. भाताची वाफ गेली. शेवटी लंकाबाईच भुकेला कंटाळून आत आली आणि कोपऱ्यात टेकली. "वाढ गं," ती सुनेला म्हणाली. गहिनीनाथ दाराशी अंग चोरून बसला. राहीबाईनं वाढलं. सगळ्यांच्या माना खाली. कुणी बोलेना, हसणं तर लांबच. एवढं करून आपण यांचंही जेवण कडू केलं, असं सुमंतला वाटलं.

इतक्यात लंकाबाई सवयीनं पुटपुटली, "आमटीत मीठ न्हाई."

"हाय की," राहीबाई म्हणाली.

"मला कळत न्हाई व्हय?"

"काल जास्त झालं म्हनला, आज न्हाई म्हनता. माझ्याच हाताला खोट हाय."

"हाईच. पैल्यापासनं हाय."

राहीबाईनं पळी आपटली. तिचं माहेर निघालं, सासूचं तारुण्य निघालं. गहिनीनाथ सुमंतकडे सरकून हळूच म्हणाला, "हे रोजचंच हाय, गुर्जी. दसऱ्याला सुटाल तुमी यातनं."

"नाही जात," सुमंत म्हणाला.

आमटीत खरंच मीठ नव्हतं. पण ते त्यानं सांगितलं नाही. आपण इथं बसलो आहोत याची त्या दोघींना आठवण होऊ नये म्हणून तो खाली मान घालून, अजिबात आवाज न करता जेवत राहिला.