व्याह्यांचा मूळ पुरुष

माझे व्याही अमेरिकन. जेवायला बसलं की पहिला घास तोंडात जायच्या आत त्यांचं घराणं सुरू. मूळ पुरुष इंग्लंडहून व्हर्जिनियात आला, जमीन घेतली, कुळ वाढवलं. नातीच्या खोलीत त्यांनी एक भला थोरला वंशवृक्ष लावून दिला. त्यांची बाजू छतापर्यंत गेलेली. आमच्या बाजूला मी, माझे यजमान आणि खाली 'इंडिया'. जणू आम्ही आभाळातून पडलो. नातीने माझ्या माणसांना कमी लेखावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

इथल्याच, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमधून मी नुकतीच रिटायर झाले होते. वेळ भरपूर, आणि उकरून काढायची खोड जुनीच. तीन महिने मी जहाजांच्या याद्या, लंडनच्या कोर्टाचे कागद, इथली जुनी वर्तमानपत्रं उपसली. सापडला मूळ पुरुष. दुकानातून कापडाचा तागा पळवलेला. शिक्षा सात वर्षांचं काळं पाणी. त्या काळी त्यांचं काळं पाणी म्हणजे हेच व्हर्जिनिया. बेड्या घालून आणला आणि धक्क्यावर एका तंबाखूच्या मळेवाल्याला विकला. पुढे मालकाचाच कोट घालून पळाला. मालकाने पेपरात जाहिरात दिली: गालावर व्रण, जीभ गोड, भुलू नये. बडा घर पोकळ वासा. मी एकटीच खूप हसले.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मी हे सगळं लिहिलेला कागद व्याह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. आता मान खाली जाईल, म्हटलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि उठून मला मिठीच मारली. एवढा भारी माणूस आपल्या घराण्यात झाला आणि आपल्याला पत्ता नाही, म्हणाले. डोळ्यांत पाणी. कागद फ्रेम करून दिवाणखान्यात लावणार होते. इतका निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

घरी आल्यावर नातीने वंशवृक्षावर त्या चोराच्या नावाशी बेडी काढली. मग माझ्याकडे वळली. "आजी, आपल्या साइडला कोणी जेलमध्ये होतं? प्लीज, कोणीतरी असेल ना?"

माझा धाकटा भाऊ होता. कारखान्यातली तांब्याची तार चोरली म्हणून दीड वर्ष आत. सुटल्यावर त्याची दोन पत्रं आली. मी ती न उघडता फाडली, आणि फाडताना मला काहीही वाटलं नाही, याची आज किळस येते.

"नाही गं," मी म्हणाले. "आपल्यात तसलं कोणी नाही."

शेजारी बसलेल्या माझ्या मुलीनेही मान डोलावली. आपल्याला एक मामा आहे, हे तिला माहीत नाही.