मास्तरांचा खांदा

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. निवृत्तीनंतर प्रथमच लेखणी हाती घेते आहे, तेही ज्यांच्यासाठी वेळेवर तोंड उघडले नाही अशा माणसाविषयी. या आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागते.

मुरगूडचे ते शिंपी. सारे त्यांना मास्तर म्हणत. मी कोल्हापुरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात रुग्णांचे व्यायाम घेत असे. उजवा खांदा दुखतो म्हणून मास्तर तिथे येत आणि बाकावर उजवा हात डोक्यावर ठेवून बसत. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलेच, "काय पावणं, घरात कोण गेलं की काय?"

"अजून न्हाय. हात खाली सोडला की मीच जातोय."

माणसाकडे ते कपड्याच्या वाटेने पाहत. "मॅडम, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, पर्सचा हात बदला," हे त्यांचे पहिल्याच दिवशीचे वाक्य. स्वतःच्या दुखण्याचेही निदान त्यांनी तसेच केले होते. "बाही वढत असली तर नुसती बाही उसवून भागत न्हाय, गळा बघाय लागतोय. मान वळवली की माज्या बोटापतुर मुंग्या येत्यात."

मला हे कळायला हवे होते; नव्हे, कळले होते. खांदाच बिघडलेल्या माणसाला हात डोक्यापर्यंत नेणे जड जाते. मानेच्या मणक्यांमधली चकती सरकून शीर दाबली गेली असेल, तर मात्र हात डोक्यावर ठेवल्यानेच आराम पडतो. पण तपासणीत खांद्याचा स्नायू थोडा फाटलेला दिसला होता आणि मोठ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया ठरवली होती. केसपेपरवर मी पेन्सिलीने "मान तपासावी?" असे लिहिले, डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच ते खोडून टाकले.

शस्त्रक्रियेनंतर खांदा छान भरला. हातातली कात्री मात्र सुटू लागली. मानेचा एमआरआय पुढे दुसरीकडे झाला, शस्त्रक्रियाही झाली; पण फार उशीर झाला होता. बोटांत जोर आला नाही.

शेवटचे भेटले तेव्हा त्यांनी दुकान बंद केले होते.

"मॅडम, तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"खात्री नव्हती, मास्तर."

"खात्री मला बी नसायची. पर कापड कापायच्या आदी मी गिऱ्हाइकाला इच्यारायचो."

मी त्यानंतरही कोणाला काही बोलले नाही. निरोप समारंभात मोठ्या डॉक्टरांनी माझ्या शांत स्वभावाचे कौतुक केले, टाळ्या झाल्या.

माझ्या जागी आपण असता, तर बोलला असता का?