बंडूच्या ऑपरेशनचे पन्नास लिरा

१९६३चा नोव्हेंबर, इस्राएलमधलं रामला. आमच्या बंडूने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं... पाणी पाजलं तरी उलटी. बंडू म्हणजे आमचा गावठी कुत्रा, त्याला मराठीशिवाय काही कळत नसे.

मला सहावा महिना होता. थंडी सुरू व्हायच्या आत रॉकेलचा हीटर घ्यायचा म्हणून मी आणि सॅमसनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डब्यात पन्नास लिरा जमवले होते. जनावरांच्या डॉक्टरने बंडूचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, आतड्यात काहीतरी अडकलंय, लगेच कापावं लागेल... पन्नास लिरा. बरोब्बर पन्नास.

मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्या डब्यातला आकडा याला कसा कळला? त्या काळी लग्न नोंदवायला गेलं तरी आम्हां बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांच्या आजी-पणजीची, आम्ही खरे ज्यू का म्हणून चौकशी व्हायची, त्यामुळे कुणी गोड बोललं की मी आधी पर्स घट्ट धरायचे. उद्या बघू म्हणून बंडूला घरी घेऊन आले.

सॅमसन म्हणाला, "अगं, हीटर पुढच्या वर्षीही मिळेल. बंडू नाही मिळायचा." मलाही बंडू हवाच होता हो... पण फसवून घ्यायची तयारी नव्हती.

सकाळी एक शक्कल लढवली. शेजारच्या रूमानियन क्लाराला म्हटलं, तू ने त्याला, तुझाच म्हणून सांग... बघू तुला किती सांगतो.

खरं तर क्लारावरही माझा भरवसा नव्हता. तिला मूलबाळ नव्हतं आणि ती माझ्या पोटाकडे टक लावून बघायची. तिची दृष्ट नको म्हणून मी कमरेला काळा दोरा बांधला होता, उरलेला बंडूच्या गळ्यात. आठवड्यापूर्वी बंडूचा दोरा नाहीसा झाला, तेव्हा तोही तिनेच कापला असं मी मनात धरून बसले होते...

तासाभराने क्लारा एकटीच परत आली.

डॉक्टरने तिला ऐंशी लिरा सांगितले होते. मग त्याने बंडूला नीट न्याहाळलं आणि वाकून मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "ये रे बाळा." आदल्या दिवशी मीच त्याच्यासमोर बंडूला तसं म्हटलं होतं. बंडूने शेपटी हलवली...

डॉक्टर क्लाराला म्हणाला, "त्या हिंदुस्थानी बाईला सांग, तिला पन्नासच. पण मी आता थांबणार नाही."

धावत निघाले. वाटेतही डोक्यात तेच... तीस लिरा कमी का? यात याचा काय फायदा?

पोचले तेव्हा बंडू गुंगीत होता, पण श्वास चालू होता. डॉक्टरने कागदाची पुडी पुढे केली. आत बंडूच्या आतड्यातून निघालेला काळा दोरा... मी मारलेली गाठसुद्धा तशीच.

पन्नास लिरा टेबलावर ठेवले. लाजेने मान वर होईना.

हीटर काही आला नाही. तो हिवाळा आम्ही गोधड्यांवर काढला, पायाशी बंडू.

फेब्रुवारीत मुलगी झाली. ठाण्याहून सासूबाईंनी टपालाने काळा दोरा पाठवला, तो मी पेटीत ठेवून दिला. आणि घरी आल्यावर लेकीला सगळ्यांत आधी क्लाराच्या मांडीवर दिलं.