भट्टी रिकामी करायची राहिली

आमचे हे काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. बाटल्यांसाठी काच वितळवतात ती भट्टी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हा वेळेवर जेवायला येईल ही आशा सोड." सोडली. ती भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. सण नाही, सुट्टी नाही, कुणाचं लग्न नाही की मयत नाही. "तिची तब्येत आज बरी दिसत नाहीये," म्हणत हे भरल्या ताटावरून उठायचे. मी तापाने फणफणले तेव्हा मात्र यांना कधी अशी घाई झाली नाही. सवत परवडली असती, निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

मग मंदी आली. आधी ट्रक यायचे बंद झाले. बाटल्यांच्या खोक्यांनी गोदाम भरलं, मग आवार भरलं, मग पहारेकऱ्याची खुर्चीसुद्धा फाटकाबाहेर गेली. पॅकिंगच्या बायकांना घरी पाठवलं. बाटल्या पाडणारी मशीनं थांबली. भट्टी तेवढी चालू. आतली काच थिजली तर तिचा दगड होतो, विटा तडकतात आणि सगळंच भंगारात जातं. म्हणून आच मंद करून तिला नुसती जागी ठेवायची. बाटली एक नाही आणि गॅस मात्र जळतोय.

आमची लेक राजधानीत सरकारी कचेरीत कामाला आहे. देशातून किती धूर हवेत गेला याचा हिशेब ते लोक ठेवतात. कुठे किती वीज, किती डिझेल, किती कोळसा जळला त्यावरून काढतात म्हणे. बापाने धूर करायचा आणि लेकीने मोजायचा, असं शेजारचे चिडवायचे. ती रजेवर आली तेव्हा जेवताना म्हणाली, "आई, यंदा देशाचा धूर केवढा तरी घसरलाय."

"मग काय, नाचू?"

"अगं, तसं नाही. कुणी काही चांगलं केलंय म्हणून थोडाच घसरलाय? कारखाने बसले म्हणून. तेही धंदा जितका बसला तितका धूर नाहीच उतरला. बाबांसारख्या भट्ट्या नुसत्या जळतायत ना. कामं सुरू झाली की परत चढणार. दर मंदीत हेच होतं."

यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मंदी संपायला लागली की तुम्हाला आधी कळतं?"

"पेपरवाल्यांच्या आधी तरी कळतं."

झालं! तेव्हापासून लेकीचा फोन आला की हे माझ्या हातातून ओढून घ्यायचे. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "धूर चढला का गं?" ती खो खो हसायची. "बाबा, देशात धूर वाढावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस तुम्ही एकटेच!"

पुढे एकदा मालकांनी यांना बोलावून घेतलं. म्हणाले, "भट्टी रिकामी करून ठेवू या का? तुम्ही म्हणाल तसं." रिकामी करायची म्हणजे आच पूर्ण चढवायची, काच पाण्यासारखी पातळ झाली की खालचं भोक फोडून सगळी वाहू द्यायची आणि मग भट्टी हळूहळू निववायची. असं केलं तर विटा शाबूत राहतात, चांगले दिवस आले की परत पेटवता येते. पण या धंद्यातल्या जुन्या लोकांच्या मनात भलतंच बसलंय. रिकामी केलेली भट्टी कुणी परत पेटवत नाही म्हणतात. हेही त्यातलेच. मालकांकडे दोन दिवस मागून घेतले आणि घरी येऊन लेकीला फोन लावला.

"या महिन्यात वीज जास्त जळलीय बाबा," ती म्हणाली. "हलकासा चढ दिसतोय खरा."

यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी मालकांना सांगून आले, "थांबा. चढायला लागलंय." मालक थांबले. भट्टीच्या बाबतीत यांचा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नसे. मी तणतणले, "पोरीने हलकासा म्हटलं आणि तुम्ही तो हलकासा गिळून टाकलात!"

आमच्या भट्टीला गॅस पुरवणाऱ्या लाइनवरचे बाकीचे कारखाने तोवर एकेक करून बंद पडले होते. आम्ही एकटेच उरलो होतो. एका गिऱ्हाइकासाठी अख्खी लाइन कोण चालवणार? एके दुपारी गॅस कंपनीचा निरोप आला, उद्या सकाळी गॅस बंद. आच चढवून काच पातळ करायलाच कितीतरी दिवस लागतात. हात चोळत बसण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं.

सकाळी मी डबा घेऊन गेले. एरवी बायकांना तिथवर सोडत नाहीत, त्या दिवशी कुणी हटकलं नाही. हे भट्टीच्या झरोक्याशी उभे होते. आतली काच केशरी होती, मग लाल झाली, मग काळपट. वर साय धरावी तसं काहीतरी धरलं. कुठेतरी वीट तडकल्याचा आवाज आला. मला वाटलं, मी आता रडेन. पण नाही आलं रडू. दुःखही होत नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं सगळं बधिर झालं होतं. "डबा खाऊन घ्या," एवढंच मी म्हणाले. यांनी निमूटपणे खाल्ला.

पुढच्या रजेत लेक आली ती कचेरीतली गंमत सांगत. "तो चढ फसवा निघाला बाबा! त्या महिन्यात उकाडा किती होता, आठवतं? घराघरांत एसी चालले म्हणून वीज जळली. आमच्या साहेबांनासुद्धा वाटलं, मंदी संपली!" आणि हसता हसता विचारलं, "भट्टीचं काय केलंत?"

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वेळेवर रिकामी केली," हे म्हणाले. "विश्रांती घेतेय."

मग मंदी खरोखरच सरली. रस्त्यावर ट्रक दिसायला लागले. मालकांनी भट्टी पाडायचं कंत्राट देऊन टाकलं आणि त्या कंत्राटदाराकडे हेच कामाला लागले. मशीनच्या हातोड्याने थिजलेली काच फोडायची आणि हिरवी ढेकळं पाटीत भरायची. संध्याकाळी हात रक्ताळलेले.

"जगात दुसरं काम नाही का?" मी ओरडले.

"आहे की. पण परक्यांनी ती कशीही फोडलेली मला बघवणार नाही."

मी हळद आणायला उठले.

परवा लेकीचा फोन आला. धूर पहिल्यापेक्षाही वर गेला म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती आणि बापासाठी आनंदही होता. दोन्ही एकदम कसं जमतं, तिलाच ठाऊक. "बाबा, आता पेटवतील ना तुमची भट्टी?"

"पेटवतील की."

"मग मी येणारच बघायला! लहानपणी कधी जवळ येऊ दिलं नाहीत. पुढच्या महिन्यात रजा टाकते."

"ये," हे म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी कपाळावर हात मारला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? काय दाखवणार आहात तिला?"

"काही नाही," हे म्हणाले. "ती येईपर्यंत सगळं उचलून होईल. थिजलेली काच दिसली नाही तर रिकामी केली नव्हती हे तिला कसं कळणार? म्हणू, जुनी झाली होती, मालकांनी पाडली."

दुसऱ्या दिवसापासून हे जेवणाच्या सुट्टीतही हातोडा चालवतात.